वाटीतला रुपया

बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी.
दिवाळे गावच्या होड्यांना लाद्या पुरवल्या.
तेव्हा थंडी पाठीवर असायची, गोणपाटातून झिरपत.
आता ती करावे गावातल्या घरात
ओट्याशेजारी उभी आहे, माझ्या खांद्याएवढी,
आणि सून मला तिचे नियम शिकवते आहे.

"बाबा, जुनी तारीख आधी.
लागेल तेवढंच आदल्या रात्री खाली काढायचं.
विरघळलं की परत गोठवायचं नाही.
आणि मायक्रोवेव्ह नाही म्हणजे नाही.
वरून कोमट लागतं, आत कुठेतरी चटका दडलेला असतो."

एकेका पिशवीवर हर्षालीचं अक्षर:
सहा मे, सकाळ. सहा मे, दुपार.
नेरूळच्या लॅबमधल्या स्टोअररूममध्ये,
खोक्यांकडे तोंड करून,
जेवणाच्या सुट्टीत काढलेलं दूध.
शंभर मिली. कधी साठ.
एकीवर नुसतेच चाळीस.

मी हो हो म्हणालो. मनात म्हटलं,
मला बर्फ शिकवतेस, पोरी?

मायक्रोवेव्हचं मात्र खरंच माहीत नव्हतं.
एकदा चहासाठी कपभर पाणी ठेवलं.
काढलं तर गप्प. एक बुडबुडा नाही.
तापलं नसेल म्हणून पुन्हा फिरवलं,
मग चमचा घातला
आणि ते उसळून मनगटावर आलं.
इतकं शांत पाणी मी खाडीतही पाहिलं नव्हतं.
आता कपात आधी लाकडाची काडी टाकतो.
सुनेला अजून सांगितलेलं नाही.

पण दूध सोडवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.
लादी डब्यातून ओढून निघत नाही.
मिठाच्या पाण्यातून डबा वर घ्यायचा,
साध्या पाण्यात बुडवायचा
आणि हात आवरायचा.
ती आपणच कड सोडते.
तशीच पिशवी कोमट पाण्याच्या वाडग्यात धरून
मी उभा राहतो.
रेवा रडते. मी उभा राहतो.
आतून ही ओरडते, "अहो, द्या ना लवकर!"

उरणला लग्न होतं, दोन दिवस.
आदल्या रात्री वाटीभर पाणी गोठवलं,
निघताना त्यावर रुपया ठेवला.
हर्षाली हसली, "बाबा, फ्रीजला दक्षिणा?"

परतलो तेव्हा चावी माझ्याकडे होती.
बाकीचे रिक्षातून सामान काढत होते.
मायक्रोवेव्हच्या घड्याळात शून्यं लुकलुकत होती.
फ्रीझर उघडला. सगळं दगडासारखं घट्ट.
फक्त पिशव्यांच्या पोटांवर
जाळीच्या गजांचे वळ उठले होते.
वाटीतला बर्फ साजरा, नितळ.
रुपया तळाशी.

मी मोजल्या. अकरा.
नळाखाली वाटी धरली असती
तर रुपया दोन मिनिटांत हातात आला असता.
पुसून वर ठेवला असता. घड्याळ लावलं असतं.
अकरा पिशव्या म्हणजे किती दुपारी,
हा हिशोब माझ्याच्याने पुरा होईना.
जिन्यात चपला वाजल्या.

वाटी मी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली.
तिने वाकून बर्फातून खाली पाहिलं,
एखादं काचेचं नळकांडं उजेडाकडे धरावं तसं.
काही बोलली नाही.
पिशव्या सिंकमध्ये काढल्या, एकावर एक,
आणि आधी आंघोळीला गेली.

संध्याकाळी एकेक कापून ओतताना म्हणाली,
"या चाळीसवालीच्या दिवशी
साहेबांनी दोनदा दार वाजवलं होतं."
पांढरी धार जाळीवर जरा थांबायची, मग उतरायची.
मी पाणी सोडत होतो. दुसरं काय करणार.

रात्री मी वाटी पुन्हा भरली.
रुपया खिडकीत वाळत होता.
पाणी गोठेपर्यंत त्याला काही काम नव्हतं.
आतल्या खोलीत पंपाची घरघर सुरू झाली,
बंद पडली, सुरू झाली.
मग दार किलकिलं करून
तिने नवी पिशवी आणि पेन पुढे केलं.
"बाबा, तारीख तुम्ही घाला आज."

माझं अक्षर वाईट.
मी सावकाश लिहिलं.